देवघर पण ठेवा आणि डार्विन पण: दोन्ही नीट कसं सांभाळायचं

देव मानतो म्हणजे उत्क्रांती नाकारायलाच पाहिजे का, किंवा उत्क्रांती पटली म्हणजे उद्यापासून दिवा लावणं बंद का, हे दरवर्षी कोणीतरी विचारतंच, कारण स्टेट बोर्डाच्या दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये पहिलाच धडा आनुवंशिकता व उत्क्रांती. मी हा धडा शिकवतो आणि आमच्या घरी दीड दिवसाचा गणपती पण बसतो, त्यामुळे मुलं मलाच पकडतात. माझं उत्तर असं की दोन्ही ठेवता येतं पण फुकटात नाही, काही गोष्टी सोडाव्या लागतात, आणि नेमकं काय सोडायचं हे ठरवायची वेळ आली की बहुतेक जण विषय बदलतात. तर ते ठरवायचं कसं ते सांगतो.

आधी उत्क्रांती नक्की काय म्हणते ते बघा

निम्मी भांडणं इथेच संपतात. माकडापासून माणूस झाला असं कोणी म्हणत नाहीये. चिंपांझी आणि आपण चुलत भावंडं, साधारण ६०-७० लाख वर्षांपूर्वीचा पूर्वज एकच, आणि चुलतभाऊ म्हणजे काय आपला बाप नसतो. २०१८ च्या जानेवारीत तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह (हो तेच, मुंबईचे माजी पोलीस आयुक्त) औरंगाबादला म्हणाले होते की माकडाचा माणूस होताना कोणी पाहिलं नाही म्हणून डार्विन चुकीचा. त्यावर देशातल्या तीन विज्ञान अकादमींनी एकत्र पत्रक काढून हे खोडून काढलं. पण कोणी पाहिलं नाही हा मुद्दा घरोघरी येतो म्हणून एक उदाहरण पाठच करून ठेवा. चिंपांझीची गुणसूत्रं ४८, आपली ४६. मग दोन गेली कुठे? तर आपलं दोन नंबरचं गुणसूत्र म्हणजे दोन जुनी गुणसूत्रं टोकाला टोक चिकटून झालेलं आहे आणि तो सांधा डीएनएमध्ये आजही दिसतो. पोलिसातच होते ते, घटना घडताना कोणी बघितलं नसलं तरी पुरावा असतो हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती खरंतर.

दुसरा गैरसमज म्हणजे सगळं योगायोगाने झालं. डीएनएतले बदल आंधळे असतात हे बरोबर, पण कोण टिकणार हे आंधळं नसतं. टीबीच्या गोळ्या मधेच सोडल्या की काय होतं? औषधाला पुरून उरणारे जंतू मागे राहतात, तेच वाढतात, आणि मग तो एमडीआर टीबी मुंबईला किती छळतोय ते आपण बघतोच आहोत. डॉक्टर कोर्स पूर्ण करा म्हणून ओरडतात ते उत्क्रांती खरी आहे म्हणूनच.

आणि थिअरी म्हणजे नुसता अंदाज नाही. गुरुत्वाकर्षणाची पण थिअरीच आहे. पुढे चला.

मग तुमचा देव कोणता ते ठरवा

हे कोणी करतच नाही. देव म्हणजे ज्याने प्रत्येक प्राणी वेगळा घडवून खाली ठेवला असा, की ज्याच्यामुळे हे सगळं मुळात अस्तित्वात आहे आणि निसर्गाचे नियम ही ज्याची चाल आहे असा, की विटेवर उभा आहे आणि ज्याच्याशी आपलं नातं आहे, बाकी सृष्टी कशी झाली याची फारशी चौकशी आपण करत नाही असा? पहिल्या प्रकारचा असेल तर सरळ सांगतो, जमणार नाही, कितीही गोड बोललात तरी नाही. दुसऱ्यात जमतं. तिसऱ्यात तर भांडणच फार कमी आहे आणि माझ्या मते महाराष्ट्रातली बरीचशी भक्ती तिथेच आहे, वारीला निघालेला माणूस जीवाश्मांना घाबरून थांबलेला मी तरी बघितला नाही. बौद्ध घरांत तर सृष्टीकर्ता देवच नाही, त्यामुळे त्यांना हा प्रश्न जवळपास पडतच नाही.

किंमत काय, तर माणूस वेगळा बनवून पाठवला ही कल्पना सोडावी लागते, आणि सगळी सृष्टी माणसापर्यंत पोचण्यासाठीच चालली होती ही पण. ही दुसरी जास्त जड जाते.

उलट बाजूलाही एक पथ्य आहे. उत्क्रांतीने देव नाही असं सिद्ध झालं म्हणणारे पण हद्द ओलांडतात. सजीव कसे बदलले एवढंच ते शास्त्र सांगतं, मुळात काही आहेच का यावर त्याच्याकडे उत्तर नाही आणि ते तसा दावाही करत नाही.

दशावताराचा शॉर्टकट घेऊ नका

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे डार्विनला शिव्या घालणारे थोडे, जास्त जण म्हणतात हे तर आमच्या पूर्वजांना आधीच माहीत होतं. मत्स्य म्हणजे पाण्यातला जीव, कूर्म म्हणजे पाणी आणि जमीन, वराह जमिनीवर, नरसिंह अर्धा प्राणी अर्धा माणूस, वामन बुटका माणूस, परशुराम कुऱ्हाडवाला, आणि असं करत करत राम कृष्ण. ऐकायला इतकं मस्त वाटतं की व्हॉट्सॲपवर हे वर्षातून चारदा तरी येतंच. मला पण हे मोडायला जीवावर येतं, कारण समोरचा माणूस उत्क्रांती मान्य करतोय की, मग कशाला नाट लावा. पण लावाच, कारण पोरगं हेच पेपरात लिहून येतं.

कासव सरपटणारा प्राणी, उभयचर नाही, तो बेडकाच्या जागी बसत नाही. वराह घेतला तर डुकरापासून पुढे सिंह आणि सिंहापासून माणूस असा रस्ता कुठेच नाही. नरसिंह हा अर्धवट बदललेला माणूस नाहीये, हिरण्यकशिपूच्या वराला पळवाट काढायची म्हणून तो ना माणूस ना जनावर असा आला, ती गोष्टच वेगळ्या कारणासाठी आहे. परशुराम आणि राम तर समोरासमोर भेटतात, मग एक दुसऱ्याचा पूर्वज कसा? नवव्या जागी कुठे बुद्ध आहे, आपल्याकडच्या जुन्या चित्रांत तिथे विठ्ठल पण सापडतो. आणि भागवतात अवतारांची यादी दहापेक्षा बरीच लांब आहे. शिवाय जीवसृष्टी कमीत कमी ३५० कोटी वर्षं जुनी, त्यातला बहुतेक काळ फक्त सूक्ष्मजीवांचा, आणि त्यांचा अवतार तर एकही नाही.

यातली गंमत अशी की ही जुळवाजुळव डार्विनचं पुस्तक १८५९ ला आल्यानंतरच सुरू झाली, १८८२ च्या सुमारास ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन हे मांडत होते. त्याआधी शेकडो वर्षं दशावतार वाचणाऱ्या, गाणाऱ्या, कोकणात रात्रभर त्याचे खेळ करणाऱ्या कोणाला त्यात माशापासून माणूस दिसला नव्हता. म्हणजे आपण पुराणातून विज्ञान काढत नाही, विज्ञान आधी वाचतो आणि मग ते पुराणात ठेवतो.

असाच दुसरा फॉरवर्ड म्हणजे ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षं आणि पृथ्वीचं वय ४५४ कोटी, बघा जुळलं. जुळलं नाही. कुठल्याही पूजेला गुरुजी संकल्पात श्वेतवाराहकल्प, वैवस्वत मन्वंतर, अठ्ठाविसावी युगचौकडी, कलियुगाचं पहिलं चरण असा पत्ता सांगतात ना, तो पत्ता मोजला तर हा कल्प सुरू होऊन १९७ कोटी वर्षं होतात. निम्म्यापेक्षा कमी. चौऱ्याऐंशी लक्ष योनींचं पण तेच, तिथे जीव एका देहातून दुसऱ्या देहात जातो, देहाची जात बदलत नाही.

यामुळे दशावतार खोटा ठरला का? अजिबात नाही. तो अधर्म माजला की देव येतो एवढं सांगायला आहे आणि ते तो चोख सांगतो. पण त्याच्या खांद्यावर बायोलॉजी ठेवलीत तर उद्या एखादं जीवाश्म सापडलं की धक्का श्रद्धेला बसतो, जीवाश्माला नाही. टिळकांनी गीतारहस्यात सांख्य दर्शनातली प्रकृती (ज्यातून सगळं जग उलगडतं ते मूळ तत्त्व) आणि जर्मन जीवशास्त्रज्ञ हेकेलचा उत्क्रांतिवाद शेजारी ठेवून तुलना केली आहे, ती विचारांची तुलना आहे, अवतारांचा तक्ता नाही. तसं करायला हरकत नाही.

पूर्वजांचा अभिमानच पाहिजे असेल तर जम्मूतल्या कालाकोटचं सांगा. तिथल्या खडकांतून ए. रंगा राव या भूशास्त्रज्ञाने गोळा केलेल्या नमुन्यांत इंडोह्यस नावाचा प्राणी निघाला, साधारण ४.८ कोटी वर्षांपूर्वीचा, छोट्या हरणासारखा दिसणारा खुरवाला, आणि २००७ मध्ये कळलं की देवमाशांचं जवळचं नातं त्याच्याशी आहे. देवमासा जमिनीवरून पाण्यात गेला, याचा एक मोठा दुवा आपल्याकडे मिळाला!

बाकीच्यांनी काय केलं

हे वाचून धीर येतो म्हणून थोडक्यात. डार्विनला स्वतःला कोणीतरी हेच विचारलं होतं, १८७९ मध्ये त्याने पत्रात उत्तर दिलं की माणूस कट्टर आस्तिक आणि उत्क्रांतिवादी दोन्ही असू शकतो, आणि उदाहरणं दिली किंग्सले नावाच्या पाद्र्याचं आणि अमेरिकेतल्या एसा ग्रे या वनस्पतीशास्त्रज्ञाचं. स्वतः तो तेव्हा अज्ञेयवादी होता, म्हणजे देव आहे की नाही हे कळूच शकत नाही असं मानणारा. आनुवंशिकतेचा पाया घालणारा मेंडेल तर मठातला साधू. उत्क्रांतीशिवाय जीवशास्त्रात कशालाच अर्थ नाही असं १९७३ मध्ये लिहिणारा जनुकशास्त्रज्ञ डॉबझान्स्की ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन होता. कॅथलिक चर्चने १९५० मध्ये दार किलकिलं केलं, १९९६ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी हे नुसतं गृहीतक उरलेलं नाही म्हटलं, त्यामुळे वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक मित्राला चर्च विरुद्ध डार्विन म्हणून चिडवू नका, ते भांडण जास्त करून अमेरिकेतल्या काही प्रोटेस्टंट पंथांचं. तिथेही शाळेत उत्क्रांतीला पर्याय म्हणून 'इंटेलिजंट डिझाइन' (कोणीतरी मुद्दाम घडवलं ही कल्पना) आणण्यावरून झालेल्या २००५ च्या डोव्हर खटल्यात उत्क्रांतीच्या बाजूने साक्ष देणारा जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर कॅथलिकच होता.

जिथे खरंच अडतं तिथे पळू नका

वर्षांचा हिशोब, माकड, हे सगळं सोपं आहे. अवघड आहे ते दुःख. निवड होते म्हणजे कोणीतरी मरतं, पिल्लं मरतात, कोट्यवधी वर्षं मरतायत. डार्विनची मुलगी ॲनी १८५१ मध्ये दहाव्या वर्षी गेली. आणि १८६० मध्ये त्याने ग्रेला लिहिलं की जिवंत अळीला आतून खाणारी गांधीलमाशी दयाळू देवाने मुद्दाम बनवली असेल हे मला पटत नाही. ग्रे आस्तिकच राहिला, डार्विन नाही, दोघांची मैत्री टिकली. आपल्याकडे लोक लगेच कर्मसिद्धांत काढतात, पण त्या अळीने आणि डायनोसॉरच्या पिल्लाने असं काय केलं होतं, त्याचं उत्तर देताना आवाज बारीक होतो. माझ्याकडेही नाहीये. पोराने हे विचारलं तर नाहीये म्हणा, फॉरवर्डमधलं उत्तर चिकटवू नका, कारण त्याला ते लगेच कळतं.

घरात बोलताना

आजोबा जेवताना म्हणाले की हे सगळं इंग्रजांचं खूळ, तर तिथल्या तिथे वाद घालू नका, माकडहाड आणि अक्कलदाढ हे दोन विषय काढा, अक्कलदाढ काढताना त्यांना काय त्रास झाला ते सांगण्यात ते रमतील आणि लहान होत गेलेल्या जबड्याबद्दल तुम्हाला बोलता येईल. मुलाला देव खरा की डार्विन असा प्रश्न कोणी टाकला तर त्याला एवढं शिकवा की आधी विचार, कशाबद्दल बोलतोयस? पेपरात पेरिपॅटस आणि प्लॅटिपस (दोन प्राणिगटांना जोडणारे धड्यातले दुवे) लिहायचे, मत्स्य कूर्म नाही, आणि संध्याकाळी आरती म्हणायची तर पूर्ण म्हणायची, मधेच डोळा मारायची गरज नाही. मूल सीबीएसईला असेल तर हे सगळं घरीच शिकवावं लागेल, एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढला, २०२३ मध्ये १८०० हून जास्त शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी विरोधाचं पत्र लिहिलं, तरी आता तो बारावीच्या बायोलॉजीत, म्हणजे ज्याने बायोलॉजी घेतली नाही त्याला कधीच नाही.

सुट्टीत जमलं तर वेरूळला १५ नंबरच्या लेण्यात घेऊन जा, त्याचं नावच दशावतार लेणं. नरसिंह, वराह, वामन सगळे तिथे दगडात आहेत, आणि तो दगड म्हणजे साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, डायनोसॉर संपले त्या सुमाराचा. मूर्तीची गोष्ट आजीला सांगू द्या, दगडाची तुम्ही सांगा. कैलास लेणं बघून लोक दमतात आणि हे राहून जातं म्हणून हे आधी करा, आणि मंगळवारी वेरूळ बंद असतं ते बघून निघा.