घुमटाचा माथा जुळेना, तेव्हा

थंडीआधी परसात घुमटाकार हरितगृह उभं करायला घेतलं. त्रिज्या 2 मीटर; टोकांना बोल्टने जोडून त्रिकोणांचा सांगाडा करायच्या नळ्या 65: 35 लांब, 30 आखूड. खालचं कडं बसलं, पण माथ्याच्या पंचकोनात नळीचं भोक बोल्टापासून बोटभर दूर! दोन दिवस ओढाताण केली, फुकट.

चूक भोकांत होती. टोकापासून अंदाजाने पाडलेली, कुठे दोन सेंटीमीटर आत, कुठे तीन. माप भोकाच्या मध्यापासून मध्यापर्यंतच धरायचं: 123.6 आणि 109.3 सेंटीमीटर. नळ्या थोड्या जास्त लांब कापल्या होत्या, म्हणून वाचलो. फळीवर त्या अंतरांवर खिळे ठोकले, त्यांवरून प्रत्येक नळीवर नव्या खुणा केल्या, भोकं पाडली. आखूड नळ्यांना लाल रंगाचा पट्टा दिला. यावेळी शेवटची नळी बसेपर्यंत नट सैलच ठेवले. पंचकोन हाताने जुळला, फार बरं वाटलं.