पीडित आणि साक्षीदारांसोबत काम: पुण्यातल्या नव्या समुपदेशकासाठी

पोलीस ठाण्यातून, रुग्णालयातून किंवा बालकल्याण समितीकडून बोलावणं येतं तेव्हा घटनेला काही तास किंवा दोन-तीन दिवस उलटलेले असतात. लैंगिक अत्याचाराचं प्रकरण असेल तर धीर देण्याच्याही आधी घड्याळ बघा. एचआयव्ही रोखणारी औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि पुढे 28 दिवस घ्यायची असतात. गर्भधारणा टाळण्याची गोळी जितकी लवकर घेतली जाईल तितकी उपयोगी पडते. शरीरावरचे नमुने साधारण 96 तासांपर्यंत घेता येतात. अंगावरचे कपडे धुवू नयेत. ओले असतील तर सावलीत वाळवून कागदात किंवा कागदी पिशवीत ठेवायला सांगा, कारण प्लॅस्टिकमध्ये बुरशी येते आणि पुरावा जातो. आंघोळ झाली असली तरी तपासणी करून घ्यावी. ‘आता काय उपयोग’ म्हणून घरी बसणारी कुटुंबं खूप असतात.

ससून, औंधचं जिल्हा रुग्णालय, पिंपरीचं वायसीएम किंवा जवळचं खासगी रुग्णालय, कुठेही उपचार मोफत आणि तातडीने मिळायलाच हवेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 397 हेच सांगतं. ‘आधी एफआयआर आणा’ असं कोणी म्हटलं तर हे कलम त्यांच्यापुढे ठेवा. रुग्णालय पोलिसांना कळवेल, ते त्याला बंधनकारक आहे. पण सज्ञान व्यक्ती शारीरिक तपासणीला नकार देऊ शकते आणि नकार दिला म्हणून उपचार थांबवता येत नाहीत. हे तिला तपासणीच्या खोलीत जाण्याआधी सांगा. ‘दोन बोटांची चाचणी’ (योनीत बोटं घालून केली जाणारी जुनी तपासणी) करू नये असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये पुन्हा बजावलं आहे. तसं काही झाल्याचं कळलं तर नोंद करून वकिलांच्या कानावर घाला.

पुण्यात आणखी एक घोळ होतो, तो हद्दीचा. पुणे शहर, पिंपरी-चिंचवड आणि पुणे ग्रामीण अशी तीन पोलीस दलं एकमेकांना लागून आहेत. वाकड, हिंजवडी, चाकण अशा भागांत बाहेरून आलेल्या माणसाला आपण कोणाच्या हद्दीत आहोत हे सांगता येत नाही. अशा वेळी ‘ते आमच्याकडे येत नाही’ हे उत्तर ऐकून परत यायचं नाही. कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो आणि तो पुढे योग्य ठाण्याकडे वर्ग होतो. फिर्यादीची प्रत मोफत मिळते. ती हातात घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका आणि गुन्हा रजिस्टर क्रमांक, तपासी अंमलदाराचं नाव, फोन वहीत लिहून घ्या. पुढच्या प्रत्येक कामाला हेच तीन तपशील लागतात.

पहिल्या भेटीत काय विचारायचं

‘नेमकं काय झालं ते सांगा’ हे वाक्य टाळा. नव्या समुपदेशकाच्या तोंडी ते सवयीने येतं आणि सगळ्यांत जास्त नुकसान तेच करतं. घटना विचारून काढणं हे तपासी अंमलदाराचं काम आहे. माणूस दर वेळी सांगतो तेव्हा तपशील थोडे सरकतात, त्यात खोटेपणा नसतो, धक्क्यातली आठवण तशीच तुकड्यातुकड्यांनी येते. पण पोलिसांपुढचा जबाब, दंडाधिकाऱ्यांपुढचा जबाब आणि तुमच्या वहीतली हकिकत अशा तीन आवृत्त्या तयार झाल्या की उलटतपासात तिन्ही शेजारी ठेवल्या जातात. तुमची वही न्यायालय मागवू शकतं, तुम्हालाही साक्षीला बोलावू शकतं. वकील आणि अशिलाच्या बोलण्याला कायद्याने जे संरक्षण आहे ते समुपदेशकाला नाही.

त्यामुळे विचारायचं ते आजचं. आत्ता सुरक्षित वाटतंय का? आरोपी घरातला, गल्लीतला, कामावरचा आहे का? आज रात्री कुठे झोपणार? काही खाल्लं का, झोप लागते का, कुठे दुखतंय का? घरात कोणाला माहीत आहे, कोणाला कळू नये असं वाटतं? जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात का, हा प्रश्न सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ असेल तर त्या रात्री सोबत कोण थांबणार हे ठरवूनच उठा, आणि टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक त्या सोबत थांबणाऱ्या माणसाच्या फोनमध्येही टाकून द्या.

ती आपणहून बोलू लागली तर थांबवू नका, ऐका, पण खोदू नका. बोलणं सुरू होण्याआधी गुप्ततेची मर्यादा मात्र सांगून ठेवा, साध्या शब्दांत: ‘ताई, तुम्ही सांगाल ते मी कोणाला सांगत फिरणार नाही. पण कोणाच्या जिवाला धोका असेल, किंवा लहान मुलाबाबत असेल, किंवा कोर्टाने विचारलं, तर मला बोलावं लागेल.’ अठरा वर्षांखालच्या मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली की पोक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार कळवणं सक्तीचं आहे. न कळवणं हा गुन्हा आहे. मुलीने सगळं सांगितल्यावर ‘आता मला पोलिसांना कळवावं लागेल’ म्हणालात तर तिला तो विश्वासघात वाटतो, आणि तिच्या जागी बसून पाहिलं तर तो आहेच.

नोंदी थोडक्यात ठेवा: तारीख, वेळ, कोण हजर होतं, धोका काय, कुठे पाठवलं, पुढची भेट कधी. ‘खरं बोलत असावी’, ‘घाबरल्याचं नाटक वाटलं’ असली मतं लिहू नका. वहीवर नावाऐवजी क्रमांक घाला. पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 खाली गुन्हा आहे, म्हणून फिर्यादीचा फोटो सहकाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकणं, अगदी सल्ला विचारण्यासाठीही, बंद.

जबाब

लैंगिक अत्याचाराच्या पीडितेचा जबाब तिच्या घरी किंवा ती सांगेल त्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, पालक, नातेवाईक किंवा समाजकार्यकर्त्याच्या उपस्थितीत घ्यायचा असतो. मुलांच्या बाबतीत अधिकारी गणवेशात नसावा. स्त्रियांना, पंधरा वर्षांखालच्या मुलांना, साठीपुढच्या माणसांना साक्षीदार म्हणून ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही. हे ठाणे अंमलदाराला आवाज न चढवता आठवण करून दिलं की बहुतेक वेळा काम होतं.

जबाब चालू असताना तुम्ही बाजूला बसा, समोर नको. पाणी द्या, ती थकली तर विश्रांती मागा. शब्द सुचवू नका. ती ‘मंगळवार’ म्हणाली आणि तुम्हाला सोमवार वाटतो, तरीही गप्प बसा. पण तिने सांगितलेला शब्द आणि कागदावरचा शब्द वेगळा दिसला, म्हणजे ती ‘ओढलं’ म्हणाली आणि लिहिलं ‘सोबत गेली’, तर तिलाच जबाब पूर्ण वाचून घ्यायला आणि दुरुस्ती मागायला सांगा. असा एखादा शब्द पुढे खटला फिरवतो. हिंदी, कन्नड किंवा भोजपुरी बोलणाऱ्या कामगाराचा जबाब मराठीत उतरवला जात असेल तर दुभाषी मागा, तुम्ही स्वतः दुभाषी होऊ नका.

मधले महिने

जबाब झाला की एकदम शांतता पसरते आणि माणसं इथेच खचतात. तपासाची प्रगती 90 दिवसांच्या आत पीडिताला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, पण फोनची वाट पाहत बसू नका, महिन्यातून एकदा तुम्हीच तपासी अंमलदाराला विचारा. जामीन अर्जाची तारीख सरकारी वकिलांच्या कार्यालयातून काढून ठेवा. आरोपी सुटल्याचं पीडिताला गल्लीत तो समोर आल्यावर कळावं, इतकं वाईट दुसरं काही नाही.

धमकी नेहमी कोयता दाखवूनच येते असं नाही. ‘पोराच्या शाळेची वेळ ठाऊक आहे आम्हाला’ एवढंच कोणीतरी चहाच्या टपरीवर बोलून जातं. हल्ला पाहिलेला दुकानदार दुकान हलवू शकत नाही आणि आरोपीची माणसं रोज समोरून जातात. तारीख, वेळ, नेमके शब्द, आजूबाजूला कोण होतं, हे त्याच दिवशी लिहून घ्या, फोनवरचे संदेश पुसू देऊ नका. खोटी साक्ष देण्यासाठी धमकावणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 232 खाली वेगळा गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये मान्य केलेल्या साक्षीदार संरक्षण योजनेत जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे अर्ज करता येतो. पोलीस धोक्याचा अहवाल देतात, मग गस्तीपासून तात्पुरत्या स्थलांतरापर्यंतचे उपाय ठरतात. संरक्षण एका वेळी तीन महिन्यांपर्यंत मिळतं, म्हणून मुदत संपायच्या दोन-तीन आठवडे आधी पुढचा अर्ज तयार ठेवा. अर्जात ‘भीती वाटते’ एवढंच असेल तर तो टिकत नाही, प्रसंग लागतात.

पैशासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. बलात्कार, मुलांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ल्यासाठी मनोधैर्य योजना आहे, इतर गुन्ह्यांसाठी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 396 खालची भरपाई. निकालाची वाट पाहावी लागत नाही, अंतरिम रक्कम आधी मागता येते. अर्ज बहुतेक वेळा अडकतो तो बँक खात्यापायी: खातं नाही, किंवा आधारवर वेगळं नाव आहे. हे पहिल्याच आठवड्यात तपासा. मोफत वकिलासाठी 15100 वर फोन करा. पोक्सोत मुलासाठी बालकल्याण समितीने आधार व्यक्ती, म्हणजे तपास आणि खटल्यात मुलाच्या सोबत राहणारा माणूस, नेमायला हवी. नेमली नसेल तर लेखी विचारा.

साक्षीचा दिवस

तारखेच्या आधी, न्यायालयात गर्दी नसेल अशा वेळी, एकदा तिला शिवाजीनगरला घेऊन जा. जिल्हा न्यायालयाचं मेट्रो स्थानक जवळ आहे, पार्किंगच्या भानगडीत पडू नका. फाटक, स्वच्छतागृह, बसायची जागा, न्यायाधीश कुठे, साक्षीदाराचा पिंजरा कुठे, हे दाखवा. खेड किंवा बारामतीच्या न्यायालयात खटला असेल तर तिथेही हेच करा. असुरक्षित साक्षीदारांसाठी वेगळी खोली किंवा पडदा मिळेल का, हे सरकारी वकिलांमार्फत आधीच अर्ज देऊन विचारून घ्या. ऐन वेळी मागितलं तर तारीख पुढे जाते.

साक्षीची तयारी म्हणजे उत्तरांची तालीम असं समजलात तर खटला तिथेच हातातून गेला. ‘पढवलेला साक्षीदार’ हा बचाव पक्षाचा सर्वांत जुना मुद्दा आहे. प्रकरणातल्या वस्तुस्थितीला हात न लावता सांगता येतं ते एवढं:

- आधी सरतपास (सरकारी वकिलांचे प्रश्न), मग उलटतपास (आरोपीच्या वकिलांचे), गरज पडली तर फेरतपास (पुन्हा सरकारी वकिलांचे).
- प्रश्न कळला नाही तर ‘कळला नाही’ म्हणा. आठवत नसेल तर ‘आठवत नाही’. अंदाजाने तारीख, अंतर, वेळ सांगू नका.
- विचारलं तेवढंच सांगा, आणि न्यायाधीशांकडे बघून सांगा.
- पाणी, विश्रांती मागता येते. मुलांना तर वारंवार विश्रांती द्यायलाच हवी आणि वकिलांचे प्रश्न न्यायाधीशांमार्फत विचारले जातात.
- शेवटी साक्ष वाचून दाखवतात. चूक असेल तर सही करण्याआधी सांगा.
- ‘तुला समुपदेशकाने काय सांगितलं?’ असं विचारलं तर खरं ते सांगा.

बहुतेक साक्षीदार कोसळतात ते सूचनांच्या प्रश्नांवर: ‘तुम्ही पैशासाठी खोटी केस केली, हे म्हणणं खरं आहे का?’ एकापाठोपाठ अशी दहा-पंधरा वाक्यं येतात आणि साक्षीदाराला वाटतं, न्यायालयाचंच हे मत झालंय. आधीच समजावून सांगा की आपल्या अशिलाची बाजू साक्षीदारापुढे ठेवणं वकिलाला भाग असतं, न्यायाधीशांचं मत त्यात नसतं. सरावासाठी प्रकरणाशी संबंध नसलेला विषय घ्या, कालचा स्वयंपाक किंवा बसचा प्रवास, आणि त्यावर तिला उलटसुलट प्रश्न विचारा.

त्या दिवशी डबा, औषधं, समन्स, ओळखपत्र बरोबर. पुकारा दुपारनंतरही होऊ शकतो, म्हणून लहान मूल घरी कोण सांभाळणार आणि कामावर रजा किती, हे आदल्या दिवशी ठरलेलं असावं. पैरवी अंमलदाराला (न्यायालयात खटल्याचं काम बघणाऱ्या पोलिसाला) आपण कुठे बसलोय ते सांगून ठेवा. आरोपीचे नातेवाईक व्हरांड्यात असतातच, तुम्ही तिच्या आणि त्यांच्या मध्ये बसा. हात गार पडले, श्वास भरून आला, तर पाय जमिनीवर घट्ट टेकवून समोरच्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्यायला सांगा, श्वास सोडताना चार ऐवजी सहा आकडे मोजायला सांगा. प्रवास आणि बुडालेल्या मजुरीचा भत्ता त्याच दिवशी मागायचा असतो, उद्यावर टाकला की राहतो.

साक्ष न होताच तारीख पडली तर तिला एकटीला घरी पाठवू नका. तयारी करून आलेलं मन रिकामं परततं तेव्हा पुढच्या तारखेला ‘मी येत नाही’ हे उत्तर तयार होतं. साक्षीदार फितूर होण्याची सुरुवात पुष्कळदा इथे असते, पैशात नसते. तरीही कोणी फितूर झालं तर रागावू नका, आरोपीच्या शेजारी राहायचं त्यांना आहे.

निकालानंतर दोन आठवड्यांत एक भेट ठरवा. निर्दोष सुटका झाली असेल तर पीडितालाही अपील करता येतं, मुदत मोजून वकिलांकडे पाठवा. शिक्षा झाली असेल तर निकालाची प्रत, उरलेली भरपाई आणि आरोपी वरच्या न्यायालयात गेला तर कोण कळवणार, या तीन गोष्टी लिहून तिच्या हातात द्या आणि मगच फाइल बंद करा.