सॉफ्टवेअर कंपनीत युनियन हवी की नको, हे कसे ठरवावे

सॉफ्टवेअर क्षेत्रात युनियनचा विषय बहुधा नोकरकपातीची मेल आल्यानंतर निघतो. त्या दिवशी ज्यांची नोकरी गेली त्यांचे लॉगिन सकाळीच बंद झालेले असते आणि जे राहिले ते पुढचा नंबर आपला तर नाही ना, या धास्तीत असतात. अशा वेळी घेतलेला निर्णय, मग तो युनियनच्या बाजूचा असो वा विरोधातला, फार दिवस टिकत नाही. म्हणून हा विचार काम सुरळीत चालू असतानाच करावा, आणि युनियन चांगली की वाईट या वादात न शिरता ‘मला नेमकी कोणती गोष्ट लेखी हवी आहे?’ हा प्रश्न आधी घ्यावा. सभा, निवेदने, संप हे सारे वाटेतले टप्पे आहेत. शेवटी हाती पडतो तो दोन्ही बाजूंनी सही केलेला आणि ठरावीक मुदतीपर्यंत दोघांनाही बांधून ठेवणारा करार. जी तक्रार कराराच्या कलमात मावते तिच्यासाठी युनियनचा उपयोग होतो. जी मावत नाही तिच्यासाठी युनियन काढली तर निराशाच पदरी येते.

आधी तक्रार मोजावी

मी ज्या टीममध्ये काम करत होतो तिथे सहा जण आळीपाळीने ऑन-कॉल असत, म्हणजे रात्री-अपरात्री सिस्टिम बिघडून फोनवर अलार्म वाजला की ज्याची पाळी असेल त्याने उठून ती सावरायची. सगळेच थकलेले होते, पण प्रत्येकाला वाटे की या वेळी आपलाच आठवडा वाईट गेला. शेवटी आम्ही तीन महिने एक साधा तक्ता ठेवला: तारीख, अलार्म किती वाजता आला, पुन्हा अंथरुणाला पाठ टेकायला किती वाजले आणि दुसऱ्या दिवशी स्टँडअपला, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या बैठकीला, किती वाजता हजर व्हावे लागले. तक्ता भरत गेला तसे दिसू लागले की निम्म्याहून अधिक अलार्म एकाच जुन्या सर्व्हिसमुळे, म्हणजे सिस्टिमच्या एकाच भागामुळे, येत होते. ती दुरुस्त करण्यासाठी वेळ द्यायचा की नाही, हे ज्यांच्या हातात होते त्यांचा फोन मात्र रात्री कधीच वाजत नव्हता.

त्या तक्त्याने आमच्या एका तक्रारीचे दोन भाग केले. सर्व्हिसची दुरुस्ती हा पहिला भाग. आकडे पाहिल्यावर मॅनेजरने त्यासाठी दोन स्प्रिंट (कामाचे ठरावीक मुदतीचे टप्पे) मोकळे करून दिले आणि रात्रीचे अलार्म लक्षणीय कमी झाले. दुसरा भाग होता रात्रीच्या कामाचा मोबदला आणि दुसऱ्या दिवशीची सक्तीची विश्रांती. त्यावर मॅनेजरने प्रामाणिकपणे सांगितले की ही कंपनीची पॉलिसी आहे, ती बदलणे त्याच्या हातात नाही आणि ज्यांच्या हातात आहे त्यांच्यापर्यंत तो जास्तीत जास्त एक मेल पाठवू शकतो. पहिल्या भागासाठी युनियनची काहीच गरज नव्हती, दुसऱ्यासाठी होती. प्रत्येक तक्रार याच चाळणीतून काढावी: हे सोडवणारा माणूस माझ्या बोलण्याच्या टप्प्यात आहे का, आणि नसेल तर मी एकट्याने सांगितल्याने त्याला काही फरक पडतो का?

या चाळणीत खाली जे उरते ते बहुधा ओळखीचेच असते: नोकरी जाताना मिळणारी भरपाई आणि नोटीस पिरियड, ऑन-कॉलचे नियम, अप्रेझलचे निकष, पगाराच्या श्रेणी उघड असणे, घरून काम करण्याची मुभा अचानक काढून घेतली जाणे, एकाच टेबलावर तेच काम करणाऱ्या कंत्राटी कर्मचाऱ्यांना निम्म्या सोयी मिळणे. हे सारे कलमात मावते. प्रॉडक्ट चुकीच्या दिशेने चालले आहे, कोडबेस (प्रॉडक्टचा सगळा कोड) कुजला आहे किंवा काम कंटाळवाणे झाले आहे, या तक्रारी कितीही खऱ्या असल्या तरी करार त्यांना सहसा हात लावू शकत नाही.

पदरात काय पडते

किकस्टार्टर या अमेरिकी कंपनीत फेब्रुवारी २०२० मध्ये मतदान होऊन ४६ विरुद्ध ३७ मतांनी युनियन झाली. त्यानंतर तीनच महिन्यांत महासाथीमुळे कंपनीला कर्मचारी कमी करावे लागले. युनियनला ती कपात थांबवता आली नाही. मात्र कपातीच्या अटींवर वाटाघाटी करता आल्या आणि जाणाऱ्यांना चार महिन्यांच्या पगाराइतकी भरपाई मिळाली. युनियनच्या ताकदीची आणि मर्यादेची इतकी स्वच्छ नोंद दुसरीकडे क्वचितच सापडेल, म्हणून मी ती पुन्हा पुन्हा सांगतो. धंदा बसला तर नोकऱ्या जाणारच. त्या कशा जातील, हे मात्र एकतर्फी ठरत नाही.

दुसरा लाभ शिस्तभंगाच्या आणि कामावरून काढण्याच्या बाबतीत होतो. अमेरिकेत बहुतेक खासगी नोकऱ्यांमध्ये मालक कारण न देताही कर्मचाऱ्याला काढू शकतो. ‘योग्य कारणाशिवाय काढता येणार नाही’ हे कलम करारात आले की परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅन (ठरावीक मुदतीत काम सुधारून दाखवा, अशी लेखी ताकीद) नावाचा जो कागद हाती ठेवला जातो त्याला उत्तर देण्याची रीतसर जागा तयार होते आणि त्या बैठकीत तुमच्या बाजूने बसणारा प्रतिनिधी असतो. ज्याने ती बैठक एकट्याने, समोर मॅनेजर आणि एचआर असे दोघे बसलेले असताना सोसली आहे, त्याला या एका खुर्चीची किंमत वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

काय मोजावे लागते

पहिली किंमत वेळेची. किकस्टार्टरचे मतदान फेब्रुवारी २०२० मध्ये झाले आणि पहिला करार मंजूर झाला जून २०२२ मध्ये. न्यूयॉर्क टाइम्सच्या तंत्रज्ञान विभागातील कर्मचाऱ्यांनी मार्च २०२२ मध्ये ४०४ विरुद्ध ८८ अशा भक्कम मतांनी युनियन निवडली. तरीही करार व्हायला डिसेंबर २०२४ उजाडला, आणि त्याआधी नोव्हेंबरमध्ये, ऐन अध्यक्षीय निवडणुकीच्या आठवड्यात, त्यांना संपावर जावे लागले. म्हणजे एकीकडे २८ महिने आणि दुसरीकडे ३३. आपल्या क्षेत्रात एवढ्या काळात निम्मी टीम बदललेली असू शकते. ज्याने सुरुवातीला धावपळ केली तो करार होईपर्यंत दुसऱ्या कंपनीत असेल, ही शक्यता धरूनच कामाला लागावे. दोन वर्षांत नोकरी बदलायचे मनाशी पक्के असेल तर सहकाऱ्यांना तसे स्पष्ट सांगावे; मदत जरूर करावी, पण पुढारपण घेऊ नये.

दुसरी किंमत पैशांची. अमेरिकेत जानेवारी २०२१ मध्ये गूगलच्या मातृकंपनीतील कर्मचाऱ्यांनी स्थापन केलेल्या अल्फाबेट वर्कर्स युनियनने वर्गणी एकूण उत्पन्नाच्या एक टक्का ठरवली. एक टक्का म्हणजे वर्षातले साडेतीन-पावणेचार दिवस. चार महिन्यांच्या भरपाईपुढे ही रक्कम लहान वाटते. पण भरपाईची वेळ कदाचित येणारही नाही आणि वर्गणी दर महिन्याला जाते, हे मान्य करून हिशेब करावा. याखेरीज वाटाघाटी लांबल्या की अटी आहेत तशाच ठेवाव्या लागतात या कारणाने काही व्यवस्थापने मर्जीवर अवलंबून असलेल्या वाढी रोखून धरतात, तेही यात धरावे.

‘मी चांगले काम करतो, मला माझा पगार स्वतः ठरवता येतो, मग सगळ्यांच्या पंक्तीत का बसू?’ हा आक्षेप कुशल इंजिनिअर हमखास घेतात, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. करारात पगाराची केवळ किमान पातळी ठरवता येते आणि त्यावर प्रत्येकाने स्वतंत्र बोलणी करायला वाव ठेवता येतो. हॉलिवूडमधील अभिनेत्यांच्या संघटनेचे करार असेच असतात आणि तिथले तारे किमान दरावर काम करत नाहीत. मात्र असा वाव आपोआप राहत नाही, तो मागून घ्यावा लागतो. सेवाज्येष्ठतेवर बांधलेली कडक वेतनश्रेणी करारात आली तर वेगाने पुढे जाणाऱ्या तरुण कर्मचाऱ्याचे नुकसान होऊ शकते. म्हणून असा आक्षेप घेणाऱ्याला टाळू नये. उलट त्यालाच वाटाघाटीच्या समितीत बसवावे.

माझ्या मते सर्वांत जड किंमत माणसांची असते आणि तिच्याविषयी फारसे बोलले जात नाही. ४६ विरुद्ध ३७ याचा अर्थ मतदानाच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही ज्यांच्याकडून आपला कोड तपासून (कोड रिव्ह्यू) घेणार, त्यांतल्या जवळपास निम्म्या लोकांनी विरोधात मत दिलेले असते. सूड म्हणून कर्मचाऱ्याला काढणे बहुतेक लोकशाही देशांत बेकायदा आहे, परंतु ते सिद्ध करण्यात महिने, कधी वर्षे जातात आणि तोपर्यंत घरखर्च ज्याचा त्यालाच भागवावा लागतो. आणि कंपनीने काम दुसऱ्या देशातील ऑफिसकडे वळवले तर एका देशापुरती असलेली युनियन त्याला फारसा आळा घालू शकत नाही. दूरस्थ काम जितके रुळले तितके हे वळवणे सोपे झाले आहे.

कायद्याचा आधार तपासावा

संघटना करण्याचा आणि सामूहिक वाटाघाटींचा हक्क आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९४८ आणि १९४९ च्या ८७ व ९८ क्रमांकाच्या आंतरराष्ट्रीय करारांनी (कन्व्हेन्शन) मान्य केला आहे, पण प्रत्यक्ष मार्ग देशागणिक बदलतो. अमेरिकेत १९३५ चा कायदा सहकाऱ्यांशी पगाराविषयी बोलण्यालाही संरक्षण देतो. ३० टक्के कर्मचाऱ्यांच्या सह्या झाल्या की मतदानाची मागणी करता येते आणि झालेल्या मतांत बहुमत मिळावे लागते. जर्मनीत किमान पाच कायम कर्मचारी असलेल्या ठिकाणी युनियनपासून वेगळी अशी कर्मचारी परिषद निवडता येते आणि कर्मचाऱ्यांवर तांत्रिक साधनांनी पाळत ठेवण्याच्या प्रश्नावर तिची संमती घ्यावी लागते. आपल्या क्षेत्राला हा अधिकार फार मोलाचा आहे. भारतात किमान सात सभासदांना नोंदणीचा अर्ज करता येतो, मात्र आस्थापनेतील दहा टक्के किंवा १०० कामगार, यांपैकी जो आकडा लहान असेल तितके सभासद लागतात. नोंदणी झाली म्हणजे मान्यता मिळाली असे नव्हे. औद्योगिक संबंध संहिता, २०२० नुसार आस्थापनेत एकाहून अधिक युनियन असतील तर एकमेव वाटाघाटी संघ, म्हणजे कामगारांच्या वतीने मालकाशी बोलणी करणारी एकच युनियन, म्हणून मान्यता मिळण्यासाठी ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा दाखवावा लागतो.

टीम लीडनी आपले स्थान विशेष काळजीने तपासावे. अमेरिकेत १९४७ च्या दुरुस्तीने पर्यवेक्षकांना या संरक्षणातून वगळले आहे. भारतात पदनाम काय यापेक्षा प्रत्यक्ष काम कोणते यावर भर दिला जातो, त्यामुळे ‘मॅनेजर’ लिहिलेले कार्ड असूनही दिवसभर कोड लिहिणाऱ्याने स्वतःला आधीच बाद समजू नये. पहिली सही गोळा करण्यापूर्वी कामगार कायद्याच्या वकिलाला एकदा भेटावे.

बोलणी कशी करावी

कंपनीचा लॅपटॉप, मेल आणि चॅट या कंपनीच्या वस्तू आहेत आणि त्यांवरील मजकूर कंपनी वाचू शकते, असे धरूनच चालावे. बोलणे स्वतःच्या फोनवर किंवा प्रत्यक्ष भेटीत करावे. तितकेच महत्त्वाचे म्हणजे ग्राहकांची माहिती, कोड किंवा गोपनीय कागदपत्रे पुराव्यासाठी म्हणूनही बाहेर नेऊ नयेत. कामावरून काढायला कंपनीला त्याहून सोयीचे कारण मिळणार नाही.

एकेकाला भेटावे, गटाला नाही, आणि बोलण्यापेक्षा ऐकावे. ‘इथे एक गोष्ट बदलता आली तर तू कोणती बदलशील?’ एवढा प्रश्न पुरेसा असतो. उत्तर आल्यावर ‘हे तू कोणाला सांगितलंस? मग काय झालं?’ असे विचारावे. त्यानंतर मात्र ताकाला जाऊन भांडे लपवू नये. आपण युनियनचा विचार करतो आहोत हे स्वच्छ सांगावे, आणि वर दिलेल्या किमतीही त्याच भेटीत सांगाव्यात. तोटे मागाहून व्यवस्थापनाच्या तोंडून कळले तर आपल्यावरचा विश्वास उडतो. भेटींची यादी करताना क्यूए (सॉफ्टवेअरची चाचणी करणारे), सपोर्ट आणि कंत्राटी कर्मचारी सुटले नाहीत ना, हे पाहावे, कारण पहिली यादी नेहमी आपल्या मित्रांचीच होते.

वीस-पंचवीस भेटींनंतर आकडा पाहावा. अमेरिकी कायद्याने ३० टक्के पुरत असले तरी अनुभवी संघटक साधारण दोनतृतीयांश लोक सोबत असल्याशिवाय अर्ज करत नाहीत, कारण व्यवस्थापनाचा प्रचार सुरू झाला की काही सह्या गळतातच. अमेरिकेत वैध मतदान एकदा झाले की त्याच गटासाठी पुढचे १२ महिने दुसरे मतदान घेता येत नाही, म्हणून घाई अंगाशी येते.

आकडा कमी पडला तरी काही मार्ग उरतात. अल्फाबेट वर्कर्स युनियनने बहुमताची वाट न पाहता काम सुरू केले. वाटाघाटींचा कायदेशीर हक्क नसला तरी कंत्राटी कर्मचाऱ्यांनाही तिने सभासद करून घेतले. त्याआधी १ नोव्हेंबर २०१८ रोजी गूगलच्या सुमारे २०,००० कर्मचाऱ्यांनी लैंगिक छळाच्या प्रकरणांवरून काम थांबवले, तेव्हा तर युनियन अस्तित्वातही नव्हती. आठवडाभरात कंपनीने अशा तक्रारी कोर्टाऐवजी खासगी लवादापुढेच नेण्याची सक्ती रद्द केली, पण संचालक मंडळावर कर्मचाऱ्यांचा प्रतिनिधी घेण्याची मागणी मान्य झाली नाही. एकच ठळक मागणी असेल तर सह्यांचे निवेदन किंवा असा एक दिवस पुरू शकतो. मागण्या अनेक असतील आणि आकडा अजून दूर असेल, तर नाही म्हणालेल्यांकडे दोन-तीन महिन्यांनी पुन्हा जावे आणि करारात कोणते कलम आले तर ते हो म्हणतील, हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे.