नवीन जावास्क्रिप्ट फ्रेमवर्क ओपन सोर्स कसं करायचं: आधी काय द्यायचं नाही ते ठरवा

कोड चालतोय, थोड्याफार टेस्ट आहेत, गिट येतं, हे धरूनच लिहितोय.

पहिलं म्हणजे कोड तुमचाच आहे ना ते बघा. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडची पहिली मालक कंपनी असते, वेगळा करार नसेल तर. ऑफिस पणजीत पाट्टोवर असो नायतर तुम्ही फोंड्याला घरी बसून रिमोट करा, काही फरक पडत नाही, लेखी परवानगी घ्या.

लायसन्स एमआयटी (कोणालाही कोड मोकळेपणी वापरू देणारं छोटं, तयार लायसन्स) टाका आणि पुढे चला. लायसन्सची फाईलच नसेल तर लोक कोड नुसता बघू शकतात, वापरायचा हक्क मिळत नाही. स्वतःच्या अटी जोडत बसू नका, फेसबुकच्या रिअ‍ॅक्ट लायब्ररीच्या पेटंटवाल्या अटीवरून एवढा विरोध झाला की २०१७मध्ये त्यांनाही एमआयटीवर यावं लागलं.

एपीआय की (दुसऱ्या सेवेत शिरायची गुप्त किल्ली) कधी कमिट झाली असेल तर ती आधी बदला. फाईल डिलीट करून ती हिस्टरीतून जात नाही.

आता खरं काम. मला सगळ्यात जड गेलं ते हेच, आणि याबद्दल बहुतेक ठिकाणी सल्ला मिळतो की सगळं उघडं टाका, लोक वापरतील, मग बघू. अजिबात ऐकू नका! फ्रेमवर्क म्हणजे लोक त्यावर आपलं अ‍ॅप उभं करतात, त्यामुळे तुम्ही एक्सपोर्ट केलेलं, म्हणजे बाहेर वापरायला दिलेलं, प्रत्येक नाव म्हणजे दिलेला शब्द. आपल्याकडे गोव्यात बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, कोणीही येऊन बसतो पण रांधपाच्या खोलीत शिरत नाही, तसं करायचं. म्हापशाच्या एका मित्राने माझ्या फ्रेमवर्कमधल्या राउटरच्या, म्हणजे पानांचे पत्ते सांभाळणाऱ्या भागाच्या, आतली फाईल थेट इम्पोर्ट केली होती, मी ती दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली आणि त्याच्या गिऱ्हाइकाच्या साइटचा बिल्ड बंद पडला. त्याचं काहीच चुकलं नव्हतं, दार उघडं होतं.

नावापुढे अंडरस्कोर लावून लोक थांबत नाहीत. रिअ‍ॅक्टने आतल्या गोष्टींना चक्क 'वापराल तर नोकरी जाईल' अशा अर्थाचं नाव दिलं होतं, तरी काही लायब्ररींनी ते वापरलंच. म्हणून कुलूप लावा: पॅकेजची माहिती असलेल्या पॅकेज डॉट जेसन फाईलमध्ये 'एक्सपोर्ट्स' लिहा, तिथे नसलेला पाथ इम्पोर्ट केला की नोड (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) सरळ एरर देतो. मग बाहेर काय द्यायचं त्याची यादी काढा, अ‍ॅप सुरू करणं, राउट, कंपोनंट, एवढ्यावर उदाहरणाचं अ‍ॅप बनतं का बघा, बनत असेल तर बाकी सगळं आत ठेवा. प्लगइन सिस्टिम तर आत्ता देऊच नका, तुमचा रेंडरर (स्क्रीनवर दाखवणारा भाग) अजून दोनदा बदलणार आहे. टाइपस्क्रिप्टच्या टाइप्सच्या फाईलीपण तपासा, तिथून निसटलेला आतला टाइपसुद्धा लोक धरून बसतात. कोणी मागितलं तर नंतर उघडता येतं. दिलेलं परत काढणं मात्र फार त्रासाचं, आणि त्रास तुम्हाला कमी, दुसऱ्याला जास्त.

व्हर्जन ०.१.० ठेवा. शून्यात असताना काहीही बदलू शकतं असं सेमव्हरच (व्हर्जनचे आकडे द्यायचे ठरलेले नियम) सांगतं आणि एनपीएमचं, म्हणजे जावास्क्रिप्ट पॅकेजं जिथून उतरवतात त्याचं, कॅरेटसुद्धा (व्हर्जनपुढचं ^ चिन्ह) ०.१ वरून ०.२ वर आपोआप उडी मारत नाही, म्हणून मोडणारा बदल केला की मधला आकडा वाढवा.

रीडमीत एक चालणारं उदाहरण आणि काय अजून होत नाही ते स्पष्ट लिहा. मग दुसऱ्या कोणाच्या लॅपटॉपवर त्याला ते करायला सांगा आणि तुम्ही तोंड उघडू नका, तो जिथे अडकेल तिथे रीडमी सुधारा.

पब्लिश करायच्या आधी एनपीएम पॅकचा ड्राय रन करून कुठल्या फाईली जातायत ते बघा. पहिल्या ७२ तासांत पॅकेज मागे घेता येतं, तेही दुसरं कुठलं पॅकेज त्यावर अवलंबून नसेल तर, पण तोच व्हर्जन नंबर पुन्हा वापरता येत नाही. सकाळी पब्लिश करा, पुढचा दिवस मोकळा ठेवा, पहिले इश्यू लगेच येतात आणि त्यांना त्याच दिवशी उत्तर द्या.