संकेतस्थळावर जाहिराती लावताना: ॲडसेन्सचे नियम पाळण्याविषयी

संकेतस्थळावर जाहिराती दाखवून त्याच्या मालकाला पैसे मिळवून देणारी गूगलची ॲडसेन्स योजना २००३ पासून चालू आहे आणि मराठी मजकुराच्या संकेतस्थळांवरही तिच्या जाहिराती लावता येतात. नियमांचा दस्तऐवज लांबलचक असला, तरी त्याच्या मुळाशी एकच व्यवहार आहे: जाहिरातदार पैसे मोजतो ते वाचकाच्या खऱ्या उत्सुकतेसाठी. तो जाहिरातदार एखादी बडी कंपनी असेल, तसाच कोथरूडमध्ये छोटा क्लास चालवणारा एखादा शिक्षकही असेल. म्हणून प्रत्येक निर्णयापूर्वी, वाचकाने क्लिक केले ते त्याला ती जाहिरात पाहायची होती म्हणूनच ना, एवढे विचारावे.

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसून राज्यसेवेची तयारी करणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याने आपल्या टिपणांचे संकेतस्थळ सुरू केले आहे, असे धरून चालू. त्याच्यासमोरचा पहिला मोह म्हणजे आजूबाजूचे मित्र. स्वतःच्या जाहिरातींवर स्वतः क्लिक करणे तर निषिद्ध आहेच, पण खोलीतल्या सोबत्यांना सांगणे, नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटात ‘आमच्या साइटला आधार द्या’ अशी विनंती करणे, क्लिकच्या बदल्यात नोट्स देऊ करणे, किंवा संकेतस्थळाला वाचकांच्या भेटी विकत मिळवून देणाऱ्या आणि परस्पर भेटींची देवाणघेवाण करणाऱ्या सेवा वापरणे हेही तितकेच निषिद्ध आहे. अशा भेटी आणि क्लिक यांना ‘अवैध रहदारी’ म्हणतात, आणि त्यांतून जमा झालेली रक्कम कमाईतून वजा केली जाते. मित्रांनी आपुलकीने, न विचारता केलेले क्लिकही त्यातच मोजले जाऊ शकतात. त्यामुळे जवळच्या माणसांना आधीच स्पष्ट सांगून ठेवणे हा सर्वांत उपयोगी उपाय आहे. आपले पान आपण उघडून पाहण्यास हरकत नाही. जाहिरात कुठे नेते हे पाहण्याची गरज भासली, तर तिच्यावर क्लिक न करता खात्यातील ‘ब्रँड सेफ्टी’ विभागातून ‘ॲड रिव्ह्यू सेंटर’ उघडावे. नको असलेल्या जाहिराती तेथूनच रोखताही येतात.

जाहिरातींच्या जागेचा प्रश्न अधिक बारकाईने हाताळावा लागतो, कारण येथे हेतू वाईट नसतानाही नियम मोडला जातो. आपल्या विद्यार्थ्याच्या पानावर पीडीएफ उतरवून घेण्याचे बटण आहे. त्याला खेटूनच जाहिरात बसवली आणि त्या जाहिरातीतही ‘डाउनलोड’ असे बटण आले, तर घाईतला वाचक चुकीच्या बटणावर बोट ठेवणार, हे उघड आहे. मेनूच्या पट्टीला, ‘पुढील पान’ या दुव्याला किंवा प्रश्नमंजूषेच्या पर्यायांना चिकटून लावलेल्या जाहिरातींचेही तेच होते. दोहोंमध्ये मोकळी जागा सोडावी आणि ते पान साध्या, लहान पडद्याच्या मोबाइलवर स्वतः सरकवून पाहावे, कारण संगणकावर ऐसपैस दिसणारे अंतर मोबाइलवर पुष्कळदा नाहीसे होते. जाहिरातीच्या डोक्यावर शीर्षक द्यायचे असेल, तर ते ‘जाहिरात’ किंवा ‘प्रायोजित दुवे’ असेच द्यावे. ‘उपयुक्त माहिती’ किंवा ‘महत्त्वाचे दुवे’ हे शीर्षक वाचकाची फसवणूक करते. जाहिरातीकडे बोट दाखवणारे बाण किंवा तिच्या शेजारी मुद्दाम जुळवलेली चित्रेही चालत नाहीत. ‘कोअलिशन फॉर बेटर ॲड्स’ या संस्थेच्या निकषांनुसार मोबाइलवरील पानाच्या मुख्य मजकुराच्या उंचीचा ३० टक्क्यांहून अधिक भाग जाहिरातींनी व्यापू नये. हे निकष वारंवार मोडणाऱ्या संकेतस्थळांवरील जाहिराती क्रोम ब्राउझर २०१९ पासून जगभर रोखतो. लॉगिनचे पान, ‘धन्यवाद’ एवढेच सांगणारे पान, त्रुटी दाखवणारे पान, अशा मजकूर नसलेल्या पानांवर जाहिराती लावूच नयेत.

मजकूर स्वतःचा असावा. अप्पा बळवंत चौकातून विकत घेतलेले पुस्तक स्कॅन करून त्याची पीडीएफ देणे किंवा एखाद्या क्लासच्या छापील नोट्स जशाच्या तशा चढवणे हा प्रताधिकाराचा भंग आहे, आणि अशा पानावर जाहिराती लावणे म्हणजे दुसऱ्याच्या श्रमांवर कमाई करणे होय. मला हा नियम सर्वांत न्याय्य वाटतो.

गोपनीयता धोरणाचे पान आवश्यक आहे. गूगल आणि इतर जाहिरात कंपन्या कुकीज (वाचकाच्या ब्राउझरमध्ये साठवल्या जाणाऱ्या छोट्या नोंदी) वापरून जाहिराती दाखवतात, हे त्यात वाचकाला समजेल अशा मराठीत लिहावे. संकेतस्थळाला युरोपातून किंवा ब्रिटनमधून वाचक येत असतील, तर जानेवारी २०२४ पासून या कुकीजसाठी त्यांची संमती गूगलने प्रमाणित केलेल्या व्यवस्थेतूनच घ्यावी लागते. लंडनमधले मराठी वाचकही यात येतात.

खात्याचे व्यवहार थोडक्यात सांगता येतील. वय किमान १८ असावे आणि एका व्यक्तीचे एकच खाते असावे. बँक खात्यावर जे नाव आहे तेच येथे द्यावे. कमाई १० डॉलरपर्यंत पोहोचली की पत्ता तपासण्यासाठी टपालाने पडताळणी क्रमांक येतो, म्हणून घर क्रमांक, इमारतीचे नाव, पेठ आणि ४११ ने सुरू होणारा पिनकोड पोस्टमनला सापडेल असा लिहावा. चार महिन्यांत तो क्रमांक भरला नाही, तर जाहिराती थांबतात. शिल्लक १०० डॉलर झाल्यावर पैसे मिळतात. संकेतस्थळाच्या मुख्य फोल्डरमध्ये ‘ॲड्स डॉट टीएक्सटी’ (ads.txt) ही फाइल ठेवून तीत आपला प्रकाशक क्रमांक, म्हणजे ॲडसेन्स खात्याचा ओळख क्रमांक, नोंदवावा, म्हणजे आपल्या नावावर दुसऱ्या कोणाला जाहिरातींची बनावट जागा विकणे कठीण जाते.

नियमभंगाची सूचना आल्यास प्रथम खात्यातील ‘पॉलिसी सेंटर’ उघडून कोणते पान आणि कोणता नियम हे वाचावे, दुरुस्ती पूर्ण करावी आणि त्यानंतरच पुनर्तपासणी मागावी. दुरुस्तीआधी केलेली मागणी वाया जाते. अवैध रहदारीमुळे खातेच बंद झाले असेल, तर दाद मागण्याचा अर्ज असतो. त्यात वाचक कुठून येतात, कोणत्या दिवशी भेटी अचानक वाढल्या, संशयास्पद आयपी पत्ते (इंटरनेटवरील जोडणीचे क्रमांक) कोणते, आणि तसे पुन्हा होऊ नये म्हणून आपण कोणते बदल केले, हे सर्व्हरच्या नोंदींसह लिहावे. त्यासाठी या नोंदी आणि भेटींच्या विश्लेषणाचे साधन पहिल्या दिवसापासूनच चालू ठेवावे, कारण खाते बंद झाल्यावर मागच्या महिन्यांची माहिती नव्याने गोळा करता येत नाही.