कातळशिल्पे पाहायला निघालात? सड्यावरच्या या चुका टाळा

कोकणातील कातळशिल्पांना २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत स्थान मिळाले, तेव्हापासून पाठीवर पिशवी टाकून रत्नागिरी-राजापूरकडे येणारी तरुण मंडळी सड्यांवर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारांवर, अधिक दिसू लागली आहेत, आणि त्यांच्याबरोबर त्याच त्या चुकाही. उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे ही रत्नागिरी जिल्ह्यातील सात ठिकाणे त्या यादीत आहेत. सिंधुदुर्गातील कुडोपी आणि गोव्यातील एक ठिकाणही आहे. अनेकांना ही सर्व ठिकाणे शनिवार-रविवारच्या सुट्टीत उरकायची असतात. एसटीच्या भरवशावर फिरणाऱ्याने दिवसाला एकच सडा धरावा. दुसरा जमला तर तो नफा समजावा.

भर दुपारी आणि सरळ रेषेत

ही चूक मला सर्वाधिक खटकते, कारण तिच्यामुळे माणसाचे हाल होतात आणि शिल्पाचेही. ही चित्रे उभ्या भिंतीवर नाहीत, तर जांभ्याच्या आडव्या कातळात कोरलेली आहेत. त्यांच्या रेषा फारशा खोल नसतात आणि हजारो वर्षांच्या ऊन-पावसाने त्यांच्या कडाही बोथट झाल्या आहेत. सूर्य डोक्यावर असताना खाचेत सावली पडत नाही, त्यामुळे सगळा कातळ एकाच काळपट-तांबूस रंगाचा दिसतो. सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी चारनंतर तिरपा प्रकाश येऊ लागला, की प्रत्येक खाचेची एक कड अंधारते आणि मघाशी कोऱ्या वाटलेल्या जागेवर मासा, वाघ, माणसाचे पाय असे काहीतरी उमटू लागते.

दिवा-सावंतवाडी गाडीत एकमेकांशी ओळख झालेले चौघे जण राजापूर रोडला उतरून, ज्या घरी मी मुक्कामाला होतो त्याच घरी आले होते. घरमालकाने त्यांना सांगितले, ‘आता जेवा, पडा जरा, चार वाजता माझा पुतण्या तुम्हाला घेऊन जाईल.’ एवढे थांबण्याचा धीर त्यांना नव्हता. फोनवरील नकाशात ठिकाण दीड-दोन किलोमीटरवर दिसत होते, म्हणून अकराच्या सुमारास ते सरळ रेषेत निघाले. नकाशावर सडा सपाट दिसतो, परंतु मध्ये खोल उतरलेला पऱ्या म्हणजे ओढा असतो, काजूच्या बागांचे गडगे म्हणजे दगडी कुंपणे असतात आणि करवंदीच्या अशा जाळ्या असतात की त्यांतून गुरेही जात नाहीत. चौघांत मिळून पाण्याच्या दोन बाटल्या होत्या. एक वाजता त्यांचा फोन आला, ‘काका, इथे चित्र नाहीच आहे.’ काकांनी त्यांना जागेचा फोटो पाठवायला सांगितला. फोटोत एका मोठ्या मानवाकृतीच्या छातीवर त्यांच्यापैकी एकाची चप्पल स्पष्ट दिसत होती.

आम्ही दुचाकीवरून पाणी आणि कोकम सरबत घेऊन पोहोचेपर्यंत एकाला चक्कर येऊन तो गडग्याच्या हातभर सावलीत आडवा झाला होता, आणि दुसरा पिशवीतून खडू काढून ‘फोटोत नीट दिसावी’ म्हणून आकृतीची रेषा गिरवत होता. चक्कर आलेल्याची मला काळजी वाटली. खडूवाल्याचा राग आला, आणि तो अजूनही गेलेला नाही. खडूची पूड जांभ्याच्या छिद्रांत बसते, पुढचा हौशी ती घासून काढायला तारेचा ब्रश आणतो आणि कडा कायमच्या झिजतात. शिवाय गिरवणाऱ्याला जी रेषा दिसली नाही ती पुढच्या पाहणाऱ्यालाही दिसत नाही. खडू, रंग, कोळसा यांपैकी काहीही नको. उजेड कमी असेल तर विजेरी जमिनीलगत आडवी धरावी.

माझी स्वतःची पद्धत अशी की उजाडताना सड्यावर पोहोचायचे, चपला कडेला काढायच्या, कातळाच्या बाहेर बसून पंधरा-वीस मिनिटे नुसते पाहायचे आणि एक रेषा सापडली की तिच्यामागे नजर न्यायची. कशेळीचा हत्ती सुमारे अठरा मीटर लांब आणि तेरा मीटर रुंद आहे, आणि त्याच्या बाह्यरेषेच्या आत इतर कितीतरी प्राणी कोरलेले आहेत. घाईत आलेला माणूस एका टोकाला उभा राहून सोंड शोधतो आणि पोटातले सगळे चुकवून परत जातो.

पायाखाली न पाहणे

सड्यावर चिरेखाणी असतात. जांभ्याचे चिरे कापून काढलेले हे खड्डे उभ्या भिंतींचे असतात, त्यांना बहुधा कठडा नसतो आणि संधिप्रकाशात ते जवळ जाईपर्यंत दिसत नाहीत. त्यामुळे संध्याकाळचा प्रकाश पाहायला थांबणाऱ्याने परतीची पायवाट उजेड असतानाच पाहून ठेवावी. बसण्यासाठी सैल दगड उचलू नये, कारण त्याखाली फुरसे (विषारी साप) असू शकते. ते चावल्यास जखम कापणे किंवा चोखणे असले प्रकार न करता, हालचाल कमीत कमी ठेवून थेट रुग्णालय गाठावे.

पावसाळ्यात कातळ शेवाळलेला असतो आणि त्यानंतर काही काळ गवत रेषा झाकून टाकते. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा.

देवाचे गोठणे येथे होकायंत्रावर विसंबू नये, तेथे त्याची सुई भरकटते.

प्रवासात जुळलेली सोबत

एकट्याने फिरणाऱ्याला गाडीत, खानावळीत किंवा एसटीच्या थांब्यावर सोबती मिळतात, आणि कोकणच्या प्रवासातील तो मोठा आनंद आहे. चूक होते ती ओळख झाल्याच्या तासाभरात पुढचे चार दिवस एकत्र ठरवून टाकण्यात. ज्याला सूर्योदय पाहायचा आहे आणि ज्याला दहा वाजता घावणे खाऊन निघायचे आहे, त्यांचे सड्यावर जमणार नाही. आधी एक सकाळ बरोबर काढावी. चाल सर्वांत हळू चालणाऱ्याची ठेवावी, पाणी प्रत्येकाने स्वतःचे घ्यावे आणि कुठे जात आहोत हे घरमालकाला सांगून निघावे.

बरोबर आणखी एक माणूस असावा, आणि तो गावातला असावा. अनेक सडे खाजगी मालकीचे आहेत, त्यामुळे विचारल्याशिवाय गडगा ओलांडणे हा उद्धटपणा ठरतो. वाटाड्याचे पैसे निघण्यापूर्वीच ठरवावेत, नव्या मित्रांनी ते समान वाटून घ्यावेत आणि परतल्यावर घासाघीस करू नये. त्या चौघांनी वाटाड्याचे पैसे वाचवले. त्या संध्याकाळी त्यांच्यातले दोघे चिडून वेगळ्या रिक्षाने स्टेशनला गेले, आणि राजापूर रोड स्टेशन गावापासून इतके लांब आहे की भाड्यातच ती बचत गेली.