चौकशीची नोटीस आल्यावर

कंपनीच्या व्यवहारांबद्दल सरकारी चौकशीची नोटीस हातात पडली की पहिला फोन वकिलाला. त्याच्या जोडीलाच दुसरं काम: काहीही पुसायचं नाही. ईमेल किंवा चॅट आपोआप डिलीट होत असतील, तर त्याच दिवशी आयटीला लेखी कळवून ते थांबवा. स्वतःचा फोन, कपाटातला जुना लॅपटॉप, मीटिंगची वही हेही यात आलं. फायली 'जरा नीट लावून ठेवू' हा मोह तर नकोच. अमेरिकेतल्या प्रसिद्ध उद्योजिका मार्था स्ट्युअर्ट यांनी डिसेंबर २००१ मध्ये इमक्लोन या औषध कंपनीचे शेअर विकले. चौकशी सुरू झाल्यावर ब्रोकरच्या निरोपाची नोंद त्यांनी सेक्रेटरीच्या कॉम्प्युटरवर बसून बदलली आणि लगेच 'होती तशी कर' म्हणाल्या, अशी साक्ष खुद्द सेक्रेटरीने दिली. २००४ मध्ये ज्युरीने त्यांना दोषी ठरवलं ते कट, तपासात अडथळा आणि खोटं बोलणं यांसाठी. शेअरसंबंधी फसवणुकीचा आरोप न्यायाधीशांनी आधीच काढून टाकला होता. व्यवहारापेक्षा सारवासारव महागात पडते ती अशी.

आता वकील कोणाचा, हे पाहा. कंपनीचा वकील कितीही आपुलकीने बोलला तरी तो कंपनीचा. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या १९८१ च्या अपजॉन निकालानंतर तिथे हे पक्कं झालं आहे: कंपनीच्या स्वतःच्या अंतर्गत चौकशीत तिच्या वकिलाला तुम्ही सांगितलेल्या गोष्टींची गोपनीयता कंपनीच्या हातात असते, आणि उद्या स्वतःला वाचवायला कंपनी ते सगळं सरकारी वकिलांपुढे ठेवू शकते. म्हणून त्या खोलीत जाण्याआधी स्वतःचा वेगळा वकील नेमा. फी कोण देणार, यासाठी नेमणुकीचा करार आणि संचालक-अधिकाऱ्यांची विमा पॉलिसी काढून वाचा. विमा कंपनीला वेळेत कळवलं नाही तर दावा अडकू शकतो.

तुम्ही साक्षीदार आहात की संशयित, हे वकिलाकरवी विचारून घ्या आणि उत्तर आलं तरी गाफील राहू नका, ते बदलतं. नियामकाकडची, म्हणजे सेबीसारख्या संस्थेची, चौकशी दिवाणी वाटली तरी तिथला जबाब फौजदारी खटल्यात पुढे येऊ शकतो. तारीखवार घटनाक्रम लिहा, पण वकिलाने सांगितल्यावर, त्याच्यासाठीच, आणि ऑफिसच्या ईमेलवर तर नाहीच. सहकाऱ्यांशी 'आपण काय सांगायचं' अशी चर्चा नको. चहा पितानाही नको.

घरच्यांनाही सांगून ठेवा, कारण झडतीला माणसं भल्या पहाटे येऊ शकतात. वॉरंट वाचायचं, वकिलाला कळवायचं, अडवायचं नाही, गप्पाही मारायच्या नाहीत. नेलेल्या वस्तूंची यादी मागून घ्यायची, त्यात प्रत्येक फोन आणि पेन ड्राइव्ह वेगळा लिहिलाय ना, ते पाहायचं.

जबाब द्यायचाच ठरला, तर मूळ कागद समोर ठेवून वकिलाबरोबर आधी सराव करा. विचारलं तेवढंच सांगा, अंदाज बांधू नका. आणि 'आठवत नाही' हे खरंच आठवत नसेल तेव्हाच म्हणा. समोरच्याकडे तुमचा ईमेल बहुधा आधीच असतो.